मेव्हिस लमची येरझार

एका शनिवारी थ्री शटल्स या पबमधल्या गिरणीवाल्यांनी पैज लावली. काउंटरची आडवी फळी उचलून, बोळातून वळसा घालून मेव्हिस बायकांच्या खोलीत दिवसातून किती वेळा जाते? बाणांच्या खेळाचे गुण लिहायच्या पाटीवर त्यांनी खडूने रेघा मारल्या. बंद व्हायच्या वेळेपर्यंत एकशे बारा रेघा झाल्या, आणि त्यात कोळशाच्या बादलीच्या फेऱ्याही होत्या. दुसऱ्या दिवशी पाटी पुसायला घेतल्यावर मेव्हिसला त्या दिसल्या. कसल्या आहेत हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. सोमवारी तीच मंडळी आली तेव्हा ग्लास भरता भरता ती म्हणाली, "मोजत बसला होतात तेवढ्यात एकाने उठून कोळसा आणला असता, तर शंभरावर भागलं असतं."

हे १९७४ सालचं. तिचा नवरा विल्फ आदल्या हिवाळ्यात, भर दुपारी, गिरणीवाल्यांच्या खोलीतल्या शेकोटीपाशी पेपर वाचता वाचता गेला होता. तोवर दोघं मिळून पब चालवत. आता ती एकटीच होती, एक्कावन्न वर्षांची, आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांना थंडीची चाहूल रेडिओच्या आधी लागायची.

मेव्हिस मूळची विणकरीण. लग्नाआधी कॉल्डरबेकच्या वरच्या गिरणीत ती चार माग सांभाळायची. दोन पुढे, दोन पाठीमागे, आणि मध्ये दिवसभर तिच्या चकरा. लग्न करून या पबात आली तेव्हा दारावरची पाटी बघून तिची बहीण हसली होती. पाटीवर पबच्या नावाप्रमाणे मागाचे तीन धोटे रंगवले होते. बहीण म्हणाली, "गिरणीतून सुटलीस आणि धोट्यातच जाऊन पडलीस." विल्फने मात्र शब्द दिला होता. पबचा मालक, म्हातारा जेबेझकाका आहे तोवर दोन वर्षं काढू, मग हे विकून ब्रिडलिंग्टनला समुद्रावर छोटंसं घर घेऊ. काका गेला, पब विल्फच्या नावावर झाला, आणि ब्रिडलिंग्टन दर वसंतात पुढच्या वसंतावर गेलं. विल्फ वाईट माणूस नव्हता. त्याचं सगळं आयुष्य ‘पुढच्या वर्षी’ या दोन शब्दांवर टांगलेलं होतं, इतकंच.

इमारतीशी तिचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. १८९७ साली ज्याने ही आखली त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: माणसं एकमेकांना दिसता कामा नयेत. मळक्या कपड्यांतल्या गिरणीवाल्यांना एक खोली, मुकादम आणि दुकानदारांना कातडी बाकांची मानाची खोली, बायकांना कोपऱ्यातली इवलीशी खोली, आणि भांड्यात भरून बियर घरी नेणाऱ्यांसाठी बोळात एक खिडकी. मध्ये घोड्याच्या नालाच्या आकाराचा काउंटर, भोवती महोगनी लाकडाचे, भिंतीसारखे उभे पडदे, पडद्यांत नेचाची पानं कोरलेल्या दुधी काचा. चार दारं, तीन शेकोट्या, आणि या सगळ्याला जोडणारा बोळ इतका अरुंद की बादली हातात असली की समोरच्याने पोट आत घ्यावं. आखणाऱ्याने लाकडाचा, काचेचा, टाइल्सचा हिशेब केला असेल. पाय मात्र त्याने फुकट धरले होते.

काचा एकूण बासष्ट होत्या. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी जेबेझकाकाने त्या तिच्याकडून मोजून घेतल्या होत्या, म्हणजे पुढे चुकायला नको. दर सोमवारी व्हिनेगर आणि जुने पेपर घेऊन ती त्या पुसायची. त्यातल्या बारा डोक्याच्या उंचीवरच्या, छोट्या आणि खिळीवर फिरणाऱ्या होत्या. बायकांच्या खोलीतून काही मागवायचं असलं की तेवढी एक काच फिरवायची. ग्लास घेणारा हात दिसायचा, तोंड दिसायचं नाही. रिकामे ग्लास उचलायला मात्र बोळातूनच वळसा घालावा लागायचा. या बारा काचांच्या बिजागऱ्यांत तंबाखूचा धूर साचून चिकट व्हायचा. तो काढताना मेव्हिस मनातल्या मनात त्या आखणाऱ्याचा उद्धार करायची.

विल्फ गेल्यावर वर्षभरात लीड्सचा एक माणूस आला. त्याचे चार पब होते. तो सगळीकडे फिरला, पडद्यावर टकटक केलं, आणि म्हणाला की तीन खोल्यांचं खुराडं घेऊन तो काय करणार? भिंती आणि पडदे काढा, एक मोठी खोली करा, तीन शेकोट्यांच्या जागी गॅस लावा, मग वसंतात मी घेतो. रोख.

मेव्हिसला रात्रंदिवस तेच दिसू लागलं. एक मोठी, मोकळी खोली. काउंटरमागे उभं राहिलं की सगळे दिसताहेत, कुठे वळसा नाही, कुठे दार नाही. आणि मग तीही नाही. मग ब्रिडलिंग्टन. रॉय ऑग्डन म्हणून गावात सुतार-गवंडी होता, त्याला तिने बोलावलं. त्याने फूटपट्टी लावली, डोकं खाजवलं, आणि फेब्रुवारीत बघू म्हणाला.

पण फेब्रुवारीत ऑग्डनच्या आधी ट्रेमलेट आला.

सरकारच्या जुन्या इमारतींच्या खात्यातून आलेला हा तिशीतला किडकिडीत माणूस. अंगात जाड कोट, काखेत कागदांची गुंडाळी, खिशात मोजपट्टी. तो तीन दिवस थ्री शटल्स मोजत होता. मानाच्या खोलीत तो चक्क फरशीवर उताणा झोपला आणि छताची नक्षी उतरवून घेऊ लागला. गिरणीवाल्यांपैकी एक जण दारातून डोकावून, पाहुण्याला काल जास्त झाली का, असं विचारून गेला. मेव्हिस त्याच्या भोवतीने फरशी पुसत होती. तो पाय उचलायचा, पुन्हा ठेवायचा, पण पेन्सिल थांबत नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो काउंटरपाशी आला. डोळे जागरण झाल्यासारखे लाल होते. बोलताना तो वारंवार त्या फिरत्या काचांकडे बघत होता.

"मिसेस लम, असं आतलं काम शाबूत राहिलेले पब उत्तरेत पाचही उरले नसतील. तुम्हाला कल्पना आहे का?"

"माझे गुडघे मात्र दोनच उरलेत," मेव्हिस म्हणाली. "त्यांची नोंद कुठल्या खात्यात करायची?"

तो हसला नाही. तिला वाटलं होतं, हा आता व्याख्यान देईल. त्याऐवजी त्याने विचारलं की एका दिवसात तुम्ही बोळातून किती वेळा जाता. तिने खडूच्या रेघांची गोष्ट सांगितली. त्याने ती वहीत लिहून घेतली. मग म्हणाला की इमारत संरक्षित यादीत घालावी अशी शिफारस तो करणार आहे. पत्र आठवड्याभरात येईल. त्यानंतर परवानगीशिवाय एक खुंटीही हलवता येणार नाही.

"आणि पत्र येईपर्यंत?" तिने विचारलं.

ट्रेमलेटने कागद गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. "पत्र येईपर्यंत तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. हे मी तुम्हाला सांगायला नको. पण तुम्ही सरळ विचारलंत, तर खोटं कसं सांगू?"

तो मंगळवारी दुपारच्या गाडीने गेला. गाडी बोगद्यात शिरली नसेल तोवर मेव्हिसने ऑग्डनला फोन केला. ऑग्डनचं शाळेच्या छपराचं काम चालू होतं. सोमवारच्या आधी माणसं नव्हती. तिने जास्त पैसे देऊ केले. त्याने सोमवारच सांगितलं.

मधले दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. तेव्हा टपाल दिवसातून दोनदा यायचं. दाराच्या फटीतून काही पडलं की ती हातातलं टाकून धावायची. बुधवारी विजेचं बिल आलं. गुरुवारी काहीच आलं नाही, आणि ते बिल येण्यापेक्षा वाईट होतं. ती पिंपं बघायला तळघरात उतरायची आणि कशाला आले ते विसरून वर यायची. एका गिऱ्हाइकाला तिने दोनदा सुटे दिले, दुसऱ्याला दिलेच नाहीत. शुक्रवारी पोस्टमन कोपऱ्यावर दिसायच्या आधीच ती दार उघडून उभी राहिली. तो म्हणाला, "कुणाची वाट बघताय, मिसेस लम? प्रेमपत्राची?" तिने त्याच्या तोंडावर दार लावलं. ऑग्डन चौकटी कुठून सोडवणार, काचांचे तुकडे कुठे टाकणार, गॅसवाला कधी येणार, याच्या याद्या ती पेपरच्या कडांवर लिहायची. लिहून झालं की फाडायची.

शनिवारी सकाळी साडेदहाला लांबोळकं, खाकी, सरकारी शिक्क्याचं पाकीट दारातून आत पडलं.

मेव्हिसने ते उचललं. उघडलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन पावाच्या डब्याखाली सरकवलं. न वाचलेलं पत्र म्हणजे न आलेलं पत्र, असं तिने स्वतःला समजावलं, पण हात ते मानायला तयार नव्हते. सोमवार फार लांब होता. मागच्या दाराशी कोळसा फोडायचा हातोडा होता. तो घेऊन ती बायकांच्या खोलीत गेली आणि पहिल्या दिसेल त्या काचेवर तिने तो मारला.

मोठा आवाज होईल असं तिला वाटलं होतं. फक्त एक कोरडा टक्क आवाज झाला, आणि मग नेचाची पानं हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी बाकावर ओघळली. दुसरा घाव तिने चौकटीवर घातला. महोगनी जागची हलली नाही. हातोडा उसळला आणि मनगटात अशी कळ गेली की तिने तो खाली टाकला. तिसरा घाव घालावा की नाही हे ठरवत ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात बोळातलं दार करकरलं.

अकरा वाजले होते. शनिवारी अकराला मिसेस बॅरॅक्लफ आणि अ‍ॅनी गॉक्रॉजर येणार म्हणजे येणार. दोघी सत्तरीच्या, दोघी विधवा. मिसेस बॅरॅक्लफ उंच, ताठ, काळी टोपी डोक्याला खिळवल्यासारखी. अ‍ॅनी तिच्या खांद्याएवढी, आणि जिभेला हाड नसलेली. दोघींनी आधी बाकावरच्या काचा बघितल्या, मग फरशीवरचा हातोडा, मग मेव्हिस.

अ‍ॅनी म्हणाली, "काय गं मेव्हिस, उंदीर होता का?"

मिसेस बॅरॅक्लफने रुमाल काढला, बाकाचा एक कोपरा झटकला आणि ती बसली. तिच्यामागोमाग अ‍ॅनीही बसली.

"आज बंद आहे," मेव्हिस म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "सोमवारी हे सगळं निघणार. ऑग्डन येतोय."

"दार तर उघडं होतं," अ‍ॅनी म्हणाली. "एक स्टाउट बियर दे. तिला अर्धी."

मेव्हिस जागची हलली नाही. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. ती भडाभडा बोलली. एकोणतीस वर्षं झाली म्हणाली. लीड्सचा माणूस, गॅस, गुडघे, ब्रिडलिंग्टन, विल्फ, सगळं एका दमात. तुम्ही येता, तासभर बसता, घरी जाता. मी या बोळात मरायचं का, म्हणाली. मिसेस बॅरॅक्लफने तिला मध्ये तोडलं नाही. तिचं संपल्यावर, फुटलेल्या काचेच्या भोकाकडे बघत ती बोलू लागली. तिला असं लांबलचक बोलताना मेव्हिसने कधी ऐकलं नव्हतं.

"एकतीस साली माझी नेल गेली. घटसर्पाने. चार वर्षांची होती. आमच्या घरात दोन खोल्यांत नऊ माणसं. सासू म्हणायची, पोरांसमोर रडू नकोस. नवरा म्हणायचा, माझ्यासमोर नको. संडास चार घरांत एक, तिथे आत गेलं की बाहेर कुणीतरी दार वाजवायचं. मी कुठे रडायचं गं, पोरी?" तिने फिरत्या काचेकडे बोट दाखवलं. "मग इथे आले. ती काच फिरवली. जेबेझने अर्धी स्टाउट ठेवली आणि काच लावून घेतली. हिवाळाभर मी रोज आले. त्याने एकदाही डोकावून बघितलं नाही, एकदाही विचारलं नाही. मार्चमध्ये एक दिवस मी आपणहून काच उघडली आणि त्याला म्हटलं, आज थंडी कमी आहे."

अ‍ॅनीने बाकावरचा काचेचा एक तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"मला हे कुणी सांगितलं नाही," मेव्हिस म्हणाली.

"सांगायचं असतं तर भिंत कशाला हवी होती?"

मेव्हिस म्हणाली की तुम्हाला तुमची खोली मिळाली, मला कुठली मिळाली? मला जायचंय इथून, मिसेस बॅरॅक्लफ. पहिल्या दिवसापासून जायचंय.

"मग जा की," मिसेस बॅरॅक्लफ म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता. "तू राहावंस असं कोण म्हणतंय? जाताना भिंत मात्र बरोबर नेऊ नकोस."

मेव्हिस झाडू घेऊन आली. "पाय वर घ्या," ती म्हणाली. दोघींनी पाय वर घेतले. तिने काचा गोळा केल्या, मग जाऊन एक स्टाउट आणि एक अर्धी आणली.

ठरलं असं मात्र काहीच नव्हतं. रविवारभर तिचं मन घड्याळाच्या लंबकासारखं इकडून तिकडे जात होतं. ऑग्डनला नको म्हणून कळवावं, असं ठरवून ती दोनदा फोनपर्यंत गेली, आणि दोन्ही वेळा तिला ती मोठी मोकळी खोली दिसली आणि ती परत फिरली. सोमवारी आठ वाजता ऑग्डन दोन माणसं आणि ट्रक घेऊन दारात आला तेव्हा तिचं उत्तर तयार नव्हतं. तिने दार उघडलं, त्याला आत घेतलं, आणि बायकांच्या खोलीत मिसेस बॅरॅक्लफ आणि अ‍ॅनी विणकाम घेऊन बसलेल्या होत्या. मागच्या दाराने कधी शिरल्या कोण जाणे.

ऑग्डन पन्नाशीचा आडदांड माणूस, पण दारातच चुळबुळला. "मावशी, उठा बघू. काम आहे इथे."

"रॉय ऑग्डन," अ‍ॅनी सुई न थांबवता म्हणाली, "तू जन्मलास तेव्हा तुला पहिली आंघोळ मी घातलीय. अजून तसाच लाल होतोस."

मागची दोन माणसं हसली. ऑग्डनने मेव्हिसकडे बघितलं. मग वेळ काढायला म्हणून तो चौकटीपाशी गेला. जिथे हातोड्याचा घाव बसला होता तिथे त्याने अंगठा फिरवला. खिशातून चष्मा काढून लावला. खाली वाकून त्याने सांधा बघितला, मग वरचा बघितला, मग गुडघ्यांवर बसून तिसरा.

"एक खिळा नाही यात," तो म्हणाला. ते कुणाला सांगितलं हे कळत नव्हतं. "सगळं एकमेकांत अडकवलंय. हे सोडवायचं तर वरून सुरुवात करावी लागेल, दोन दिवस जातील. नाहीतर करवतीने कापायचं." त्याने चष्मा काढला. "करवत मी लावणार नाही, मिसेस लम. पाहिजे तर दुसरा बघा."

मेव्हिस स्वयंपाकघरात गेली, पावाच्या डब्याखालचं पत्र काढलं, आणि सगळ्यांसमोर उभं राहून फाडून वाचलं. इमारत यादीत गेली होती, पत्रावरच्या तारखेपासून. ती तारीख गुरुवारची होती. म्हणजे शनिवारी सकाळी हातोडा उचलला तेव्हाच कायदा दारात येऊन उभा होता.

"आता तुरुंगात घालतील का तुला?" अ‍ॅनीने उत्सुकतेने विचारलं.

मेव्हिसने ऑग्डन आणि त्याच्या माणसांना अंडी, डुकराच्या मांसाचे काप आणि तळलेला पाव खाऊ घातला, कारण दिवस तर त्यांचा बुडालाच होता. खाऊन झाल्यावर ऑग्डनने फुटलेल्या काचेची चौकट, काच बसवायची जुनी लांबी खरवडून, साफ करून दिली आणि त्याचं काही घेतलं नाही.

त्याच दुपारी तिने ट्रेमलेटला पत्र लिहिलं. काच मीच फोडली, तुमचं पाकीट आल्यावर, आणि मला ते माहीत होतं. एवढंच. सबबी तिने तीनदा लिहून तीनदा खोडल्या होत्या.

तो दहा दिवसांनी आला. ते दहा दिवस आधीच्या आठवड्यापेक्षा जड गेले. ट्रेमलेटने आधी भोकाचं माप घेऊन वहीत लिहिलं. तिला वाटलं, ओरडला असता तर बरं. त्याने वर तसं कळवावं लागेल म्हणून सांगितलं. पण तुम्ही स्वतःहून लिहिलंत हेही लिहीन, म्हणाला. मग त्याने विचारलं, तुकडे ठेवलेत का? तिने बिस्किटांच्या डब्यात ठेवले होते. त्याने ते टेबलावर मांडून पाहिले. जुळण्यासारखे नव्हते. अशी काच कोरणारा आता कुणी त्याच्या माहितीत नव्हता. नक्कल करून घेता येईल, पण ती नक्कल दिसेल. मेव्हिस म्हणाली की साधी काच बसवा. जे झालं ते दिसू दे. पुढे दंड झाला नाही, फक्त एक कडक शब्दांतलं पत्र आलं. इमारतीच्या नोंदीत एक ओळ वाढली: बायकांच्या खोलीच्या पडद्यातली एक काच बदललेली. त्या ओळीचा तिला आयुष्यभर राग होता. एकोणतीस वर्षं बासष्ट काचा पुसल्या त्याची नोंद नाही, म्हणायची, आणि एक फोडली ती लंडनपर्यंत गेली.

लीड्सच्या माणसाने माघार घेतली. ते तिला माहीतच होतं, तरी त्याचा फोन ठेवल्यावर ती तळघरात जाऊन पिंपावर डोकं टेकून उभी राहिली.

पण बोळातली येरझार कमी झाली. त्याचं श्रेय कुणा सरकारला नव्हतं. त्या शनिवारनंतर अ‍ॅनी गॉक्रॉजरने आपणहून ठरवून टाकलं की बायकांच्या खोलीची शेकोटी ती बघणार. ती सत्तरीत कोळशाची अर्धी-अर्धी बादली आणायची आणि येता-जाता गिरणीवाल्यांना टोचायची, तेव्हा लाजेने त्यांच्यातलाच एक उठून ती बादली घ्यायला लागला. ऑग्डनने काउंटरच्या आडव्या फळीला तोलाचं वजन बांधून दिलं, म्हणजे ती एका बोटाने उचलता यायची. ट्रेमलेटला विचारूनच बांधलं. मानाची खोली मेव्हिसने आठवड्यातले चार दिवस बंद ठेवली, कारण मुकादमही उरले नव्हते आणि गिरणीचा भोंगाही थांबायच्या बेतात होता.

मग बघायला येणारे सुरू झाले. ट्रेमलेटने कुठल्याशा मासिकात लिहिलं होतं. विद्यार्थी यायचे, कॅमेरे घेऊन नवरा-बायको यायचे. मेव्हिस हातात चार ग्लास घेऊन चालता चालता त्यांना दाखवायची: ही फिरणारी काच, हा घंटेचा खटका, ही टाइल इथे उलटी बसलीय, कारण लावणारा प्यायलेला होता. ते शेवटचं तिने रचलेलं होतं. कुणी काचेला बोट लावलं की ती तिथूनच म्हणायची, "पुसायला याल का सोमवारी?" सांगता सांगता तिला इमारत कळत गेली. आवडू लागली असं ती कधी म्हणाली नाही. तिच्या मनात ब्रिडलिंग्टन होतंच, आणि दर वसंतात ते डोकं वर काढायचं. पण फिरत्या काचेमागून हात आला की ग्लास ठेवायचा, वाकून बघायचं नाही, हे ती आता मुद्दाम पाळायची. एक तरुण बाई १९७९च्या शरदात दोन महिने रोज साडेपाचला यायची. ती कोण होती, मेव्हिसने विचारलं नाही.

मिसेस बॅरॅक्लफ ८२ साली गेली, अ‍ॅनी तिच्यामागोमाग वर्षाने. दोघींच्या दफनानंतरचा चहा आणि हॅमचे सँडविच बायकांच्या खोलीतच झाले. लोक मावत नव्हते, बोळात उभे होते. अ‍ॅनीच्या वेळी सगळे गेल्यावर मेव्हिस शेकोटीची राख काढायला वाकली, आणि वर उठताना तिने ठरवलं, आता बास.

१९८४च्या मे महिन्यात तिने थ्री शटल्स ब्रॅडफर्डच्या एका जोडप्याला विकला. पमेला आणि ग्रॅहम हॉर्सफॉल, दोघंही चाळिशीच्या आतले. त्यांना तो जसा होता तसाच हवा होता. म्हणून तर घेतोय, पमेला म्हणाली. मेव्हिसने तिला दोन दिवस सगळं समजावलं. व्हिनेगर किती, पाणी किती. पूर्वेचा वारा असला की मानाच्या खोलीतली शेकोटी उलटा धूर सोडते. पमेलाने सगळं वहीत लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी दोन सुटकेसा घेऊन मेव्हिस बसमध्ये चढली. अडतीस वर्षं जे हवं होतं ते झालं होतं, आणि तिला काहीच वाटत नव्हतं. फक्त काहीतरी राहिलंय असं खुपत होतं. दुसऱ्या थांब्यापाशी तिला आठवलं. तळघराची तिसरी पायरी. ती डावीकडे झुकते, हे सांगायचं राहिलं. ओलं पिंप घेऊन उतरणाऱ्याचा पाय गेला म्हणजे? ती उठून ड्रायव्हरला थांब म्हणाली. त्याने सांगितलं की सुटकेसा तो डेपोत ठेवील, पण ब्रिडलिंग्टनची गाडी थांबणार नाही. ती उतरलीच. चढण चढून, धापा टाकत, आता स्वतःच्या न राहिलेल्या दारातून ती आत गेली आणि पमेलाला पायरीचं सांगितलं.

पमेला म्हणाली, "मिसेस लम, ते तुम्ही काल सांगितलंत." आणि वही उघडून दाखवली. तिथे होतं. अधोरेखित केलेलं.

मेव्हिसने पुढची बस धरली, आणि संध्याकाळची गाडी.

ब्रिडलिंग्टनच्या घराला एक मोठी खोली होती, एक गॅसची शेगडी, आणि समुद्राकडे एक रुंद खिडकी. पहिल्या चार महिन्यांत तिने पमेलाला अकरा पत्रं लिहिली: लांबी भरताना काय बघायचं, पाटीवरच्या धोट्यांचा रंग कुठल्या दुकानातला, जूनमध्ये तळघरात येणारी ओल. पमेलाने दोनांना उत्तर दिलं, आणि दोन्ही वेळा सगळं ठीक असल्याचं कळवलं. ऑक्टोबरात पत्रं थांबली. शेजारच्या अतिथीगृहाच्या मालकिणीने, स्वतःची पाठ धरली म्हणून, आठवडाभर न्याहारी वाढायला मदत कराल का असं विचारलं होतं. चौदा पाहुणे, दोन मजले, आणि स्वयंपाकघर तळाशी. आठवड्याचे नंतर सहा हंगाम झाले. पमेलाने त्याच वर्षी नाताळात कार्ड पाठवून प्रकृती विचारली, तेव्हा मेव्हिसने उलट टपाली चार ओळींत कळवलं की बरी आहे, पण आता लिहायला वेळ होत नाही.